२५ टक्के बचत नेमकी कोणाच्या जिवावर?

एखाद्या बड्या हॉस्पिटलच्या बिलाची बातमी आली की पाठोपाठ एक मजकूर फिरायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर येतो, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर येतो, मुलं अमेरिकेत असलेल्या आईवडिलांच्या ग्रुपवर तर हटकून येतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय साधारण असा:

“हॉस्पिटलच्या लुटीवर अमेरिकेनं ५० वर्षांपूर्वीच तोडगा काढला. प्रत्येक तपासणीचे, प्रत्येक ऑपरेशनचे वेगळे पैसे देणं बंद केलं आणि माणशी ठरावीक रक्कम आधीच देऊन टाकली. यालाच मॅनेज्ड केअर म्हणतात. संशोधनानं सिद्ध झालंय की खर्च २५ टक्क्यांनी कमी होतो आणि दर्जात काही फरक पडत नाही. पेशंट निरोगी राहण्यातच कंपनीचा फायदा असतो, त्यामुळे ती आजार होऊच देत नाही. पूर्वपरवानगीची अट फक्त अनावश्यक उपचार अडवते. म्हणून तर तिथल्या निम्म्याहून अधिक ज्येष्ठांनी स्वतःहून हीच पद्धत निवडली आणि सरकारचेही पैसे वाचले. आपल्याकडे हे कधी येणार?”

हॉस्पिटलच्या बिलानं ज्याचं घर हादरलंय, त्याला हे वाचून आशा वाटणार. ती चीड मला समजते आणि ती रास्तही आहे. पण या मजकुरातली काही वाक्यं सरळ चुकीची आहेत, आणि जी बरोबर आहेत ती अर्धवट आहेत. ती एखाद्या खऱ्या अभ्यासावर उभी आहेत, पण त्या अभ्यासाचा जो भाग गाळलाय तो नेमका म्हाताऱ्या, गरीब आणि दीर्घकाळ आजारी माणसांबद्दलचा आहे. म्हणून एकेक दावा घेऊन बोलतो.

त्याआधी पद्धत थोडक्यात. जुन्या रिवाजात डॉक्टर आणि हॉस्पिटल जेवढं काम करतील तेवढं बिल लावतात आणि विमा कंपनी ते भरते. मॅनेज्ड केअरमध्ये एक संस्था किंवा कंपनी दर माणशी दर महिन्याला ठरावीक रक्कम घेते आणि त्यातच त्या माणसाचे सगळे उपचार बसवते. त्यासाठी तिची ठरलेली डॉक्टर-हॉस्पिटलं असतात, स्पेशालिस्टकडे जायला आधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते, महागड्या उपचारांना आधी परवानगी लागते. यातला सगळ्यात कडक प्रकार म्हणजे एचएमओ (हेल्थ मेंटेनन्स ऑर्गनायझेशन). अध्यक्ष निक्सन यांनी डिसेंबर १९७३ मध्ये एचएमओ कायद्यावर सही केली. मजकुरातली ‘५० वर्षं’ तिथून मोजलेली दिसतात.

“खर्च २५ टक्क्यांनी कमी होतो”

हा आकडा खरा आहे. तो कुठून आला हे नीट बघायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या पैशानं रँड या संशोधन संस्थेनं आरोग्य विम्यावर एक प्रचंड प्रयोग हाती घेतला. त्यातला एक भाग सिॲटल शहरात झाला. तिथे १,५८० माणसं घेतली आणि अक्षरशः चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. ४३१ जणांना सांगितलं, तुम्हाला हवा तो डॉक्टर गाठा. उरलेल्या १,१४९ जणांना ‘ग्रुप हेल्थ को-ऑपरेटिव्ह ऑफ प्युजेट साउंड’ या एचएमओत घातलं. दोन्हीकडे उपचार पूर्ण फुकट. ही चिठ्ठ्यांची वाटणी फार मोलाची. एरवी धडधाकट माणसं बंधनांची योजना बिनधास्त घेतात, आजारी माणसं आपल्या डॉक्टरला सोडायला तयार नसतात, आणि मग योजना स्वस्त आहे की तिच्यातली माणसंच निरोगी आहेत, हे कळायला मार्ग राहत नाही.

निकाल १९८४ मध्ये आला. एचएमओतल्या लोकांवर साधारण २५ टक्के कमी खर्च झाला. हॉस्पिटलमध्ये दाखल होण्याचं प्रमाण तर जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी होतं. डॉक्टरकडच्या फेऱ्या मात्र दोन्हीकडे सारख्याच. म्हणजे बचत झाली ती पेशंटला कमी वेळा ॲडमिट केल्यामुळे.

आता त्या आकड्याबरोबर जे येत नाही ते. ग्रुप हेल्थ ही नफा कमावणारी कंपनी नव्हती. ती सहकारी संस्था होती. सभासद तिचे मालक, सभासदच संचालक मंडळ निवडणार, डॉक्टर पगारावर. महाराष्ट्रातल्या वाचकाला यातला फरक मी वेगळा समजावून सांगायला नको. शिल्लक राहिलेला पैसा भागधारकांना वाटायचा नव्हता. त्या संस्थेच्या अभ्यासातून निघालेला आकडा घेऊन आज शेअर बाजारात नोंदलेल्या विमा कंपन्यांची भलामण करायची, हे मला मान्य नाही.

दुसरी गोष्ट वयाची. रँडच्या प्रयोगात ६२ वर्षांच्या वरच्या माणसांना घेतलंच नव्हतं. ज्या आकड्यात एकही आजी-आजोबा नाहीत, तो आजी-आजोबांच्या विम्यासाठी पुरावा म्हणून फिरतोय.

आणि बचत दर वेळी अशीच होते असंही नाही. कटलर, मॅक्लेलन आणि न्यूहाउस या अर्थशास्त्रज्ञांनी मॅसॅच्युसेट्समधल्या हृदयविकाराच्या पेशंटांची आकडेवारी तपासली. तिथे एचएमओंचा खर्च ३० ते ४० टक्क्यांनी कमी निघाला. पण पेशंटांना मिळालेले प्रत्यक्ष उपचार जवळपास तेच होते, प्रकृतीचे निकालही तेच. फरक होता भावात. एचएमओ हॉस्पिटलांशी घासाघीस करून त्याच बायपासचे, त्याच अँजिओप्लास्टीचे पैसे कमी देत होत्या. ही बचत चांगलीच आहे, पण तिच्यासाठी पेशंटला ठरलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांशी बांधायची गरज नाही. कुठलाही मोठा पैसे देणारा ती करू शकतो. पारंपरिक मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा अमेरिकी सरकारचा विमा, दर स्वतः ठरवते. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही शस्त्रक्रियांचे पॅकेज दर सरकारच ठरवतं.

“दर्जात काही फरक पडत नाही”

मला सगळ्यात जास्त त्रास देणारं वाक्य हे.

त्याच सिॲटलच्या प्रयोगाचा दुसरा अहवाल १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. यात पैशांऐवजी माणसांची प्रकृती मोजली होती. १४ ते ६१ वयाची १,६७३ माणसं, तीन किंवा पाच वर्षं. बरी परिस्थिती आणि बरी प्रकृती असलेल्यांचं एचएमओत काहीही बिघडलं नाही. पैसेवाले पण आधीपासून आजारी असलेले, त्यांना तर फायदा झाला. कोलेस्टेरॉल सुधारलं, एकूण तब्येतही बरी वाटू लागली. आणि गरीब व आधीपासून आजारी? त्यांचे अंथरुणावर पडून काढलेले दिवस वाढले, गंभीर लक्षणं जास्त दिसली. फुकट उपचार मिळणाऱ्या दुसऱ्या गटाशी केलेली ही तुलना आहे. आणि याच प्रयोगातल्या ज्या योजनांत पेशंटला काही पैसे स्वतः भरावे लागत होते, त्यांच्याशी ताडून पाहिलं तर मृत्यूचा धोकासुद्धा एचएमओतल्या गरीब आजाऱ्यांना जास्त निघाला.

हॉस्पिटल तेच, डॉक्टर तेच, नियम तेच. तरी श्रीमंत आजारी माणूस सुधारला आणि गरीब आजारी माणूस खचला. मला याचं कारण अवघड वाटत नाही. जिथे प्रत्येक पुढची पायरी मागून घ्यावी लागते, तिथे ज्याला मागता येतं त्याला मिळतं. दोनदा फोन करणारा, वरच्या माणसाशी बोलायचंय म्हणून अडून बसणारा, कामावरून अर्धा दिवस सुट्टी काढू शकणारा माणूस पुढे सरकतो. रोजंदारीवाला “नंतर या” म्हटलं की घरी जातो.

एकाच शहरातला एकच प्रयोग, म्हणून तो बाजूला ठेवला तरी १९९६ चा मोठा अभ्यास आहेच. बोस्टन, शिकागो आणि लॉस एंजेलिसमधल्या २,२३५ पेशंटांचा चार वर्षं पाठपुरावा केला होता. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, नैराश्य असे वर्षानुवर्षं चिकटून राहणारे आजार. सगळ्यांची सरासरी काढली तर एचएमओ आणि जुनी पद्धत यांत फरक नाही. मजकूर लिहिणारा इथेच थांबलाय. पण संशोधक पुढे गेले. त्यांनी वृद्धांचा हिशेब वेगळा काढला. चार वर्षांत ज्यांची शारीरिक प्रकृती ढासळली, असे वृद्ध एचएमओत ५४ टक्के होते आणि जुन्या पद्धतीत २८ टक्के.

५४ आणि २८. जवळजवळ दुप्पट. सरासरी काढल्यावर हे दिसेनासं होतं, कारण तरुण आणि सुस्थितीतली माणसं पारडं समतोल करून टाकतात. सरासरीला काही वाटत नसतं. ज्याची सत्तरीतली आई जिना चढेनाशी होते त्याला वाटतं.

मग मालकीचा मुद्दा. हिमेलस्टीन आणि वूलहँडलर यांच्या गटानं १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एचएमओंची तुलना केली, एका बाजूला गुंतवणूकदारांच्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला ना-नफा संस्था. दर्जाचे १४ निकष होते, लसीकरण, स्तनांच्या कर्करोगाची मॅमोग्राफी, मधुमेहींची डोळेतपासणी अशा प्रकारचे. चौदाच्या चौदा निकषांवर नफ्यातल्या कंपन्या मागे. एखादा निकष इकडे, एखादा तिकडे, असंही झालं नाही.

गरिबांच्या मेडिकेड योजनेचंही बघा. कॅलिफोर्नियानं एकेक काउंटी करत मेडिकेडवरच्या गरोदर बायकांना मॅनेज्ड केअर सक्तीची केली. सगळीकडे एकाच दिवशी सक्ती झाली नाही, त्यामुळे आधी-नंतरची तुलना करायला संशोधकांना चांगली संधी मिळाली. ऐझर, करी आणि मोरेटी यांनी ती केली. गरोदरपणातल्या तपासण्यांचा दर्जा घसरला, कमी वजनाची आणि अपुऱ्या दिवसांची बाळं वाढली, नवजात मृत्यूही वाढले. मार्क डगन यांनी कॅलिफोर्नियाच्याच मेडिकेडचा पैशांचा हिशेब काढला. सरकारचा खर्च कमी होण्याऐवजी लक्षणीय वाढला होता आणि बाळांच्या तब्येतीत काहीच सुधारणा नव्हती. गरिबांच्या योजनेत खर्च वाढून निकाल बिघडले, याहून वाईट सौदा कोणता असेल?

मी फक्त वाईट अभ्यास वेचून दाखवतोय असं कुणी म्हणू नये. मिलर आणि लुफ्ट या संशोधकांनी अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून आढावे घेतले. त्यात एचएमओ सरस ठरलेले अभ्यास आणि कमी पडलेले अभ्यास साधारण सारख्याच संख्येनं निघाले. त्यामुळे “मॅनेज्ड केअर म्हणजे मरण” असाही एक मजकूर कधी कधी येतो, तोही चूक. कोणती संस्था, कोणता पेशंट, कोणता आजार, यावर उत्तर बदलतं. सरासरीत “फरक पडत नाही” म्हटलं, तरी ते प्रत्येक पेशंटबद्दल खरं ठरत नाही.

“कंपनी आजार होऊच देत नाही”

या दाव्यामागे एक सुंदर, खरी गोष्ट आहे आणि ती सांगायलाच हवी. १९३३ साली सिडनी गारफील्ड नावाच्या तरुण डॉक्टरनं कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १२ खाटांचं हॉस्पिटल उभं केलं. कोलोरॅडो नदीचं पाणी लॉस एंजेलिसकडे नेणाऱ्या कालव्याचं काम चालू होतं, हजारो मजूर उन्हात राबत होते. विमा कंपन्या त्याची बिलं अडवायच्या, जरा मोठी केस असली की शहरात न्यायच्या. हॉस्पिटल बुडायची वेळ आली. तेव्हा ठरलं की प्रत्येक मजुरामागे रोजचे पाच सेंट आधीच द्यायचे. त्या दिवसापासून जखमी मजूर हा गारफील्डच्या हॉस्पिटलचा खर्च झाला. सांगतात की तो स्वतः कामाच्या जागी फिरून फळ्यांमधून वर आलेले खिळे ठोकून घ्यायचा. पुढे उद्योजक हेन्री कायझरनं त्याला ग्रँड कुली धरणाच्या कामावर नेलं आणि १९४५ मध्ये ही योजना सर्वसामान्यांसाठी खुली झाली. तीच आजची कायझर परमनंटे.

कायझरनं पुढेही करून दाखवलं. उत्तर कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या रक्तदाबाच्या पेशंटांपैकी २००१ मध्ये ४३.६ टक्के लोकांचा रक्तदाब आटोक्यात होता. २००९ मध्ये हे प्रमाण ८०.४ टक्क्यांवर गेलं. जादू काही नाही. सगळ्या पेशंटांची एकत्र नोंदवही ठेवली, उपचारांची साधी एकसारखी पद्धत ठरवली, दोन औषधं एकाच गोळीत दिली, आणि रक्तदाब मोजायला यायचं तर मदतनिसाकडे, पैसे न भरता. हे वाचताना मला आपल्या शहरांतले असंख्य पेशंट आठवतात, ज्यांची गोळी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात संपते आणि पुढच्या पगारापर्यंत घेतलीच जात नाही. इतकी चांगली गोष्ट आपल्याकडे व्हावी असं मलाही मनापासून वाटतं.

पण कायझर ना-नफा आहे, हॉस्पिटलं तिची स्वतःची आहेत, डॉक्टरांचा गट तिच्याशीच बांधलेला आहे, आणि लोक तिच्याकडे वर्षानुवर्षं टिकतात. बहुतेक विमा कंपन्यांचं असं नसतं. नोकरी बदलली की विमा बदलतो, मालकानं दुसरी कंपनी धरली की विमा बदलतो. आज मधुमेह नीट सांभाळला तर किडनी वाचणार ती दहा-पंधरा वर्षांनी. तोवर पेशंट दुसऱ्याच कंपनीकडे गेलेला असतो, बहुतेक मेडिकेअरवर. आजचा खर्च आपला आणि उद्याची बचत दुसऱ्याची, या हिशेबात कुठली नफ्यातली कंपनी प्रतिबंधावर मनापासून पैसा घालेल?

सिॲटलच्या त्या पहिल्या अहवालातही याबद्दल एक ओळ आहे. एचएमओत प्रतिबंधक तपासण्या जास्त झाल्या हे संशोधकांनी नोंदवलंय. पण हॉस्पिटलात दाखल होणं घटलं ते यामुळे नव्हे, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय.

“पूर्वपरवानगी फक्त अनावश्यक उपचार अडवते”

हा दावा तपासायला मतांची गरज नाही, अमेरिकी सरकारनंच तो तपासलाय.

तिथे ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी सरकारी मेडिकेअर आहे. तीच मेडिकेअर खासगी कंपनीमार्फत, मॅनेज्ड केअरच्या पद्धतीनं घेतली तर तिला मेडिकेअर ॲडव्हान्टेज म्हणतात. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयानं एप्रिल २०२२ मध्ये अहवाल दिला. या कंपन्यांनी नाकारलेले पूर्वपरवानगीचे अर्ज त्यांनी डॉक्टरांकडून तपासून घेतले. त्यातले १३ टक्के अर्ज मेडिकेअरच्या नियमांत चोख बसत होते. म्हणजे पारंपरिक मेडिकेअरमध्ये हे उपचार मिळाले असते. उपचार झाल्यावर पैसे नाकारलेल्या बिलांत असं प्रमाण १८ टक्के होतं.

अहवालातलं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. एका पेशंटच्या ॲड्रिनल ग्रंथीवर सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली होती. ती कर्करोगाची आहे का हे पाहायला डॉक्टरनं एमआरआय मागितला. कंपनीनं नकार दिला, कारण काय, तर गाठ लहान आहे. अपील केल्यावर परवानगी मिळाली. मधल्या काळात त्या माणसानं रात्री कशा काढल्या असतील याची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही.

अहवालात सगळ्यात जास्त अडलेल्या गोष्टींत एमआरआयसारख्या तपासण्या होत्या, आणि हॉस्पिटलमधून सुटल्यावर लागणाऱ्या पुनर्वसन केंद्रातला मुक्काम होता. दुसरी गोष्ट मी जवळून पाहिली आहे. ओळखीतल्या एका काकूंचं न्यू जर्सीत खुब्याचं ऑपरेशन झालं. सर्जननं पुनर्वसन केंद्र लिहून दिलं, त्यांच्या कंपनीनं ‘घरी फिजिओथेरपी पुरेशी’ म्हणून कळवलं. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर, घर दोन मजली, बाथरूम वर. मुलगा रोज ऑफिसातून फोन लावायचा, तेच सगळं नव्यानं सांगायचा, आणि तिकडे हॉस्पिटलची माणसं बेड रिकामा करा म्हणून मागे लागलेली. शेवटी सर्जननं स्वतः कंपनीच्या डॉक्टरशी बोलून परवानगी मिळवली. काकूंना एकट्यानं हे जमलं असतं का? इंग्रजीतला तो फोनवरचा यांत्रिक आवाजसुद्धा त्यांना कळत नव्हता.

आता आकडे. केएफएफ या आरोग्य धोरणावरच्या संस्थेनं कंपन्यांनीच सरकारला दिलेली माहिती मांडली आहे. २०२२ मध्ये मेडिकेअर ॲडव्हान्टेजमध्ये पूर्वपरवानगीचे ४ कोटी ६० लाखांहून अधिक अर्ज आले. त्यातले सुमारे ३४ लाख, म्हणजे ७.४ टक्के, पूर्ण किंवा अंशतः नाकारले गेले. नकार मिळालेल्यांपैकी दहातल्या एकानंच अपील केलं. आणि ज्यांनी केलं त्यांच्यापैकी ८३ टक्के लोकांचा नकार बदलला गेला.

अपील करणाऱ्या बहुतेकांना होकार मिळतो, आणि दहातले नऊ अपील करतच नाहीत. अपिलात गेलेले अर्ज आणि न गेलेले अर्ज सारखेच असतील असं नाही, हे मान्य. तरीसुद्धा नकार फक्त फालतू उपचारांनाच जातो, हे या आकड्यांपुढे टिकत नाही. ज्यांचे आईवडील तिकडे अशा योजनेत आहेत त्यांनी एवढं तरी करा, नकाराचं पत्र आलं की गप्प बसू नका. तातडीचं अपील मागितलं तर कंपनीला ७२ तासांत निर्णय द्यावा लागतो, आणि तिनं पुन्हा नकार दिला तर प्रकरण आपोआप बाहेरच्या स्वतंत्र तपासणीकडे जातं. प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाचं सरकारी मदतीचं विनामूल्य सल्ला केंद्रही आहे.

“ज्येष्ठांनी स्वतःहून निवडली, सरकारचे पैसे वाचले”

पहिला भाग आकड्यात बरोबर. २०२४ मध्ये मेडिकेअरला पात्र असलेल्यांपैकी ५४ टक्के लोक ॲडव्हान्टेजमध्ये होते. दुसरा भाग साफ उलटा. मेडिकेअरबद्दल अमेरिकी संसदेला सल्ला देणारा मेडपॅक हा आयोग आहे. त्याच्या मार्च २०२४ च्या अहवालाप्रमाणे, हेच लोक पारंपरिक मेडिकेअरमध्ये असते तर जेवढा खर्च आला असता त्याहून २२ टक्के जास्त पैसे सरकार या कंपन्यांना देत होतं. एका वर्षाचे ८३ अब्ज डॉलर.

हे कसं होतं? कंपन्या काहीच वाचवत नाहीत, असं नाही. कंपन्या उपचारांवर खरोखरच कमी खर्च करतात. कर्टो, आइनाव्ह, फिंकेलस्टीन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की माणसं सारखी धरली तर ॲडव्हान्टेजमधला उपचारांचा खर्च ९ ते ३० टक्क्यांनी कमी आहे, आणि इथे भाव जवळपास तेच असून उपचारांचं प्रमाणच कमी आहे. पण वाचलेला पैसा सरकारी तिजोरीत जात नाही. सरकार कंपनीला पैसे देतं ते माणूस किती आजारी आहे त्यावरून. त्यामुळे कंपन्या प्रत्येक सभासदाच्या कागदावर जास्तीत जास्त निदानं चढवतात. गेरूसो आणि लेटन यांच्या अभ्यासानुसार, तोच माणूस ॲडव्हान्टेजमध्ये गेला की कागदावर ६ ते १६ टक्क्यांनी जास्त आजारी दिसायला लागतो. शिवाय मुळातच कमी खर्चाची माणसं या योजनांकडे जास्त वळतात. आजार कागदावर वाढतो, उपचार प्रत्यक्षात घटतात, आणि मधला फरक कंपनीकडे राहतो. त्यातला काही भाग सभासदांना चष्मा, दात, शून्य हप्ता अशा सवलतींत मिळतो, हे खरं. म्हणूनच लोक येतात.

आणि येतात ते राहतात का? राहतात, पण त्यातले अनेक जण अडकलेले असतात. पारंपरिक मेडिकेअरमध्ये आपल्या खिशातून जाणारा वाटा भरून काढायला मेडिगॅप नावाचा पूरक विमा लागतो. पासष्टीत पहिल्यांदा घेताना तो कंपनीला नाकारता येत नाही. पण ॲडव्हान्टेजमध्ये काही वर्षं काढून, आजारी पडल्यावर परत फिरायचं म्हटलं, तर न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन ही राज्यं सोडून बहुतेक ठिकाणी कंपनी तब्येत बघून नकार देऊ शकते किंवा हप्ता वाढवू शकते. मुलांकडे कायमचे गेलेले आपले अनेक आईवडील पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर पैसे भरून मेडिकेअर घेतात आणि शून्य हप्त्याची जाहिरात बघून थेट ॲडव्हान्टेजवर सही करतात. त्या सहीपूर्वी ही एक गोष्ट त्यांना कुणीतरी सांगायला हवी.

सरकार योजनांना दर्जासाठी तारे देतं, ते बघून चांगली योजना निवडा, असंही मजकुराच्या काही आवृत्त्यांत असतं. अबालक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तपासलं, तर योजनायोजनांमध्ये सभासदांच्या मृत्यूदरात मोठा फरक होता आणि ताऱ्यांशी त्याचा काही संबंध नव्हता.

“अमेरिकेनं प्रश्न सोडवला”

१९९३ ते २००० या काळात एचएमओ जोरात होत्या, आणि आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण १३ टक्क्यांवर थबकला होता. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण त्याच काळात बाळंतिणीला दिवसभरात घरी पाठवायला लागले म्हणून संसदेला १९९६ मध्ये कायदा करावा लागला, साध्या बाळंतपणाला ४८ तास आणि सिझेरियनला ९६ तास हॉस्पिटलचा खर्च द्यायलाच हवा असा. लोक चिडले, नोकरीवर विमा देणाऱ्या मालकांनी बंधनं ढिली केली, खर्च पुन्हा चढला. २०२३ मध्ये तो १७.६ टक्के होता.

“आपल्याकडे हे कधी येणार?”

माणशी ठरावीक रक्कम ही कल्पना आपल्याकडे आधीच आहे. १९४८ च्या कायद्यातून आलेल्या कामगार राज्य विमा योजनेत महाराष्ट्रात पॅनेल डॉक्टर असतात आणि त्यांना नोंदलेल्या कामगारांमागे वार्षिक रक्कम मिळते, पेशंट किती वेळा आला यावर नाही. गिरणगावातल्या घरांना हा पॅनेल डॉक्टर चांगला ठाऊक होता. आता खासगी बाजूलाही हालचाल सुरू झाली आहे. नारायणा हेल्थ या हॉस्पिटल समूहानं २०२४ मध्ये स्वतःची विमा कंपनी काढून पॉलिसी विकायला सुरुवात केली. हॉस्पिटल आणि विमा एकाच छताखाली, कायझरच्या वाटेनं. त्यातून चांगलंही निघू शकतं, आणि मी त्याला आधीच नावं ठेवणार नाही.

पण असं काही विकायला येणाऱ्याकडून आपण काही गोष्टी लेखी मागायला हव्यात. शिल्लक पैसा कोणाचा, सभासदांचा की भागधारकांचा. निकाल नुसत्या सरासरीत न देता साठीच्या वरचे, कमी उत्पन्नाचे आणि आधीपासून आजारी असलेले असे वेगवेगळे देणार का. आणि किती अर्ज नाकारले, किती जणांनी अपील केलं, त्यातले किती नकार फिरले, हे दरवर्षी जाहीर करणार का. अमेरिकेत कंपन्यांवर हे बंधन उशिरा आलं. जानेवारी २०२४ मध्ये अंतिम झालेल्या केंद्रीय नियमामुळे २०२६ पासून त्यांना पूर्वपरवानगीचे आकडे स्वतःच्या वेबसाइटवर टाकावे लागतात, म्हणजे निक्सन यांच्या सहीनंतर ५० वर्षांहून जास्त काळानं. आपल्याकडे विमा नियामकानं ही अट पहिल्या परवान्यातच घालावी.